गव्हाविना स्वयंपाकघर: प्रकल्प नोंदी

20 जून 2024

बायोप्सीचा रिपोर्ट आला. सीलिअ‍ॅक रोग, मार्श 3बी. म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनानं लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते तो रोग; 3बी ही त्या इजेची पायरी. लहान आतड्याच्या पहिल्या भागातल्या अस्तरावर बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व शोषून घ्यायचं काम त्यांचं. माझे बरेचसे झिजलेत. लोह नेमकं याच भागात शोषलं जातं, त्यामुळे गोळ्यांवर गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन नऊच्या आसपास का घुटमळत होतं ते कळलं. सारखं तोंड येणं, संध्याकाळी पोट टम्म फुगणं, जिना चढताना लागणारी धाप, हे सगळं आजवर ‘दगदग’ या एकाच खात्यावर जमा होत होतं.

मे महिन्यात रक्तातली टीटीजी-आयजीए चाचणी (या रोगातल्या अँटिबॉडी मोजणारी) मर्यादेच्या दहापटीहून वर आली, तेव्हा डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती: एंडोस्कोपी होईपर्यंत पोळी सोडायची नाही. गहू आधीच बंद केला तर अँटिबॉडी उतरायला लागतात, अस्तर भरून यायला लागतं आणि निदान धूसर होतं. ‘करून बघू या पंधरा दिवस’ म्हणून कुणी पथ्य सुरू करणार असेल तर त्याला हे आधी सांगायला हवं. आधी तपासणी, मग पथ्य.

मी नोकरी करते अंबडच्या एका कारखान्यात, गुणवत्ता विभागात. मर्यादा ठरल्याशिवाय काम सुरू करायची सवय नाही. म्हणून उद्दिष्ट असं: माझ्या ताटात येणाऱ्या पदार्थांत ग्लुटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत. ‘ग्लुटेनमुक्त’ या शब्दासाठी कोडेक्स ही आंतरराष्ट्रीय अन्नमानकं आणि आपलं अन्नसुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआय, दोघांचीही हीच मर्यादा आहे. मुदत: जन्मभर. एवढ्या लांब मुदतीचं काम आजवर अंगावर घेतलं नव्हतं.

21 जून

घरात गहू कुठे कुठे आहे त्याची यादी. कणीक, रवा, मैदा, शेवया, दलिया, पाव, टोस्ट, बिस्किटं हे उघड. मग न दिसणारे. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. सातूचं पीठ आपल्याकडे बहुधा गहू आणि डाळं भाजून करतात. मेतकुटात मूठभर गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीतही असतो. मुलाच्या दुधात घालायची माल्टची पावडर म्हणजे मोड आणलेलं जव. जवातही ग्लुटेन आहे. मक्याचे पोहे म्हणून घेतलेल्या डब्यावर बारीक अक्षरात माल्टचा अर्क. सोया सॉसमध्ये गहू.

आणि हिंग! डबीवर स्वच्छ छापलंय: गव्हाचं पीठ, डिंक, हिंग. नुसता हिंग फार उग्र म्हणून पीठ मिसळतात. म्हणजे आमच्या घरातली एकूण एक फोडणी, आमटीपासून लोणच्यापर्यंत. तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो. तूर्त खडा हिंग आणून तुपात तळून कुटायचा ठरला.

पाकिटांवर ॲलर्जीची सूचना छापावी लागते आणि त्यात ग्लुटेन असलेल्या धान्यांचा उल्लेख असतो. सुट्या मालाला ही सोय नाही. सुटं घेणं बंद.

22 जून

आज उलटी यादी केली आणि जीव जरा भांड्यात पडला. उपासाचा डबा उघडला तर साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, सगळं चालतं. तांदूळ, पोहे, कुरमुरे, ज्वारी, बाजरी, नाचणी, सगळ्या डाळी, बेसन चालतं. घावन, आंबोळी, धिरडी, झुणका, वडे, उकडीचे मोदक. माझं माहेर जळगावकडचं, तिथली कळण्याची भाकरी ज्वारी-उडदाची. सासर सोलापूरचं, तिथं तर ज्वारीशिवाय पान हलत नाही. दोन्हीकडच्या आज्यांना रोज पोळी ठाऊकच नव्हती, ती सणाला.

तेव्हा ‘काय खायचं’ हा या प्रकल्पाचा प्रश्नच नाही. जे चालतं त्याला गव्हाचं पीठ लागू न देणं, एवढंच काम आहे.

23 जून

‘एवढंच’ म्हणजे किती, त्याचा हिशेब. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं तरी काही महिन्यांत अस्तराला इजा होते, असं अभ्यासातून दिसलेलं आहे. कणकेत साधारण दहा टक्के ग्लुटेन धरलं तर 50 मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक. चिमूटच. पोळी लाटताना ओट्यावर जी पिठी उडते ती याहून कितीतरी जास्त.

म्हणून निर्णय: घरात कणीक मळणं, लाटणं, चाळणं बंद. नवरा आणि मुलगा गहू खाणार, त्यांच्या पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून तयार येतील, झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा सगळ्यात खालच्या फळीवर. सांडलेला चुरा-पीठ खाली पडतं, म्हणून माझं सामान वर. मुलाचा गहू एवढ्यात सोडता येणार नाही, त्याची चाचणी व्हायची आहे आणि तिच्यासाठी तो गहू खात असायला हवा.

पोळपाट-लाटणं, कणकेची चाळणी, लाकडी चमचे, टोस्टर सगळं नणंदेकडे रवाना. चाळणीच्या जाळीतलं पीठ कितीही घासा, निघत नाही. स्टीलची भांडी घासून पुसून तीच. तवा नवा. आईंची (सासूबाईंची) लाकडी काटवट मात्र राहिली. त्यांनी ठणकावून सांगितलं की तिच्यात जन्मात ज्वारीशिवाय दुसरं पीठ पडलेलं नाही.

25 जून

गिरणी. आमच्या गल्लीतल्या गिरणीत दोन चक्क्या आहेत, एक गव्हाची, दुसरी ज्वारी-बाजरी-तांदळाची. ऐकायला छान. पण दुसरीवर भाजणीही दळतात, भाजणीत गहू. आणि हवेत तर पिठाचं धुकंच. काका भले माणूस, म्हणाले, “ताई, आधी किलोभर तांदूळ काढतो, मग तुमची ज्वारी घालतो.”

कागदावर मांडलं. चक्कीत मागची मूठभर, समजा 50 ग्रॅम, कणीक उरली आणि ती माझ्या पाच किलो ज्वारीत आली. त्यात ग्लुटेन 5 ग्रॅम, म्हणजे किलोमागे 1000 मिलिग्रॅम. मर्यादेच्या पन्नासपट. तांदूळ आधी काढून हे किती कमी होईल ते मोजायचं साधन ना काकांकडे ना माझ्याकडे. मोजता येत नाही त्याच्यावर रोजचं जेवण उभं करायचं नाही.

घरघंटी घ्यायची. नणंद तिची जुनी द्यायला तयार होती, नको म्हटलं. आतली कापडी पिशवी आणि कानेकोपरे वर्षानुवर्षं गहू प्यालेले.

27 जून

पोटाची नोंद आजपासून याच वहीत, कारण अपेक्षेप्रमाणे काही चाललेलं नाही. गहू थांबला की आठवड्यात हलकं वाटेल असं सगळे सांगत होते. थकवा खरंच किंचित कमी आहे. पण पोट साफ होत नाही, दुपारनंतर गुडगुड आणि रात्री वायू. शिवाय भूक अशी की जेवून उठल्यावर तासाभरात पुन्हा डब्यांकडे हात जातो.

नवरा म्हणाला, “मग गव्हाचं नव्हतंच काही?” रिपोर्ट वाचून दाखवला.

1 जुलै

आहारतज्ज्ञांकडे. वहीतल्या नोंदी दाखवल्या. त्यांनी कारणं सुटी करून दिली, ते मला फार आवडलं.

बद्धकोष्ठ: पोळीतला कोंडा गेला, त्याच्या जागी आला नुसता भात आणि साबुदाणा. वर लोहाची गोळी, ती स्वतःच पोट बांधते. शौचाला काळं होतं तेही तिच्यामुळेच, घाबरायचं कारण नाही.

गुडगुड: दूध. दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं विकर त्या उंचवट्यांच्या टोकांवरच तयार होतं. टोकंच झिजली तर दूध पचणार कसं? अस्तर भरून आलं की बहुतेकांचं दूध पुन्हा सुरू होतं. तोवर दूध, खवा, पनीर, आइस्क्रीम बंद. ताक आणि दही थोडं थोडं, कारण विरजणात लॅक्टोज बरंच कमी होतं. तूप चालेल.

भूक: शरीर मागची थकबाकी मागतंय. द्यायची. वजन वाढलं तर वाढू दे.

ताटात सध्या मऊ भात, मुगाचं वरण, तूप, दुधी, पडवळ, लाल भोपळा, शिजवलेलं गाजर. कच्ची कोशिंबीर, राजमा, छोले, हरभऱ्याची उसळ काही आठवडे नको. ज्वारी एका वेळी अर्धी भाकरी आणि तीही सावकाश चावून; नाचणी नंतर. पाणी भरपूर. लोहाच्या गोळीबरोबर चहा नाही, लिंबू चालेल, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

आणि एक नियम: तीन-चार दिवसांत एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर पोट का बिघडलं ते कुणालाच सांगता येणार नाही. कारखान्यात नव्या मुलांना हेच तर शिकवते मी.

4 जुलै

घरघंटी आली. एक एचपी, जाळ्यांचा संच, कापडी पिशवी. बसवायला आलेल्या मुलानं पिशवीतून दोन किलो गहू काढले, डेमोसाठी! फोनवर आधी दोनदा सांगून ठेवलं होतं तरी. “मॅडम, गव्हावरच मशीन सेट होतं.” त्याला हात लावू दिला नाही, घरातला तांदूळ दिला. मशीन तांदळावरही व्यवस्थित सेट झालं.

कुणी याच कारणासाठी घरघंटी घेणार असेल तर डेमोच्या वेळी स्वतः समोर उभं राहावं. आणि ‘शोरूममधला पीस’ सवलतीत मिळत असेल तर घेऊ नये.

5 जुलै

ज्वारीची तपासणी. सोलापूरहून आलेली मालदांडी, दीर दर वर्षी मंगळवेढ्याकडून पोतं पाठवतात. मंगळवेढ्याच्या या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते भाऊजी प्रत्येक पोत्याबरोबर न चुकता सांगतात. पण शेजारच्या वावरात गहू असतो, मळणीचं यंत्र तेच, पोतीही तीच.

गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा. त्यात ग्लुटेन चारेक मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे निघाले की मर्यादा गाठली. हे गणित सुटल्यावर मी आणि आई स्टीलच्या मोठ्या परातीत किलो किलो ज्वारी पसरून बसलो. मालदांडीचा दाणा मोत्यासारखा, गोल आणि पांढरट. गहू लांबट, पोटावर चीर असलेला, त्यामुळे नजरेला पटकन खुपतो. आईंचा चष्मा जुना, पण बोटं चाळतानाच गहू ओळखतात. पहिल्या किलोत निघाले, दुसऱ्यात नाहीत, तिसऱ्यात पुन्हा. निवडून, धुऊन, उन्हात वाळवून मग दळण. पावसाळ्यात ऊन कुठलं, म्हणून पंख्याखाली.

नाक्यावरच्या दुकानातली सुटी ज्वारीही वानगीदाखल आणून निवडली. तिच्यात इतका गहू होता की मोजणं सोडून दिलं. दुकानदार एकच मापटं सगळ्या पोत्यांत फिरवतो, दुसरं काय होणार.

6 जुलै

भाकरी. खात आले जन्मभर, पण रोज स्वतः थापायची वेळ आता आली. कणकेला ताणून धरतं ते ग्लुटेन. ज्वारीत ते नाही, म्हणून पीठ थंड पाण्यात भिजवून लाटायला गेलं की तुटतं. त्यावर जुन्या बायांनी काढलेली तोड म्हणजे उकळतं पाणी. पिठातला स्टार्च गरम पाण्यानं फुगून चिकट होतो आणि बांधून धरायचं काम तोच करतो.

आई शेजारी उभ्या. “पाणी एकदम नको ओतू. आता रगड. तळहाताच्या टाचेनं, बोटांनी नाही.” गोळा मऊ झाला की काटवटीत कोरडं पीठ पसरून त्यावर ठेवायचा आणि एका हातानं थापत दुसऱ्यानं कडेला आधार देत फिरवायचा. माझी कड फाटत होती. आईंनी पिठाला हात लावला आणि म्हणाल्या, “तुझ्या हाताचं काही नाही. परवाचं पीठ संपव आधी धिरड्यात. ताजं घे.” जुन्या पिठाची विरी जाते हे ऐकून माहीत होतं, बोटांना आज कळलं. ताज्या पिठाची कड गोल आली.

तव्यावर टाकताना पीठ लागलेली बाजू वर, तिच्यावर लगेच पाण्याचा हात. पाणी सुकत आलं की उलटायची, दुसरी बाजू शेकायची, मग पहिली बाजू विस्तवावर. पापुद्रा सुटून फुगली की खाली. पाण्याचा हात उशिरा फिरवला तर वर भेगा पडतात. आठवड्याला लागेल तेवढंच पीठ दळायचं ठरलं.

अर्धी भाकरी, दुधीची भाजी, तूप. पोट रात्री शांत.

10 जुलै

मैत्रिणीनं प्रेमानं ‘ग्लुटेन फ्री’ पाव पाठवला. घटक: मक्याचा स्टार्च, टॅपिओका, इसबगोल, झँथन गम, साखर, तेल. ग्लुटेनच्या जागी चिकटपणा आणायला हे लागतं. दोन तुकडे खाल्ले आणि संध्याकाळी पोट ढोलकं. गहू गेलेला नाही, पाकिटावर शिक्का आहे. पण गम आणि इसबगोल एकदम गेलं की वायू होणारच. किंमत साध्या पावाच्या कैक पट आणि चव पुठ्ठ्याची. अशी पाकिटं प्रवासापुरती ठेवावीत.

17 जुलै

आषाढी. सगळं घर एकाच कढईतली खिचडी खातंय, माझं वेगळं काही नाही, किती दिवसांनी. पण शेंगदाण्याचं कूट, बटाटा, साबुदाणा आणि वर शेंगदाण्याचीच आमटी, हे सुजलेल्या आतड्याला पेलणारं नव्हे. चालणारा पदार्थ आणि सोसणारा पदार्थ या दोन वेगळ्या याद्या कराव्या लागतील. मी वरीचे तांदूळ मऊ शिजवून ताकाबरोबर घेतले.

21 जुलै

फोनची रांग. आत्या: “खपली गहू खा, त्यानं काही होत नाही.” खपली हा गहूच आहे, जुन्या जातीचा. मधुमेहवाल्यांना कुणी काही सांगत असेल, पण ग्लुटेन त्यात आहे आणि सीलिअ‍ॅकला तो पूर्ण वर्ज्य. काका: “ओट्स?” ओट्स बहुतेकांना सोसतात, पण बाजारातल्या साध्या ओट्समध्ये गहू-जव मिसळलेला असतो, पहिल्या काही महिन्यांत नाहीच. शेजारच्या काकू: “थोडं थोडं खाऊन सवय करायची.” सवय होत नाही. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच ग्लुटेन दिसलं की स्वतःच्या अस्तरावर उठते.

रात्री वाचत बसले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रोग झालेली मुलं दगावायची. 1924 मध्ये सिडनी हास नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं त्यांना केळ्यांचा आहार दिला आणि मुलं सुधारली. कैक वर्षं श्रेय केळ्याला मिळालं. खरं कारण हे की त्या आहारात पाव बाद होता. गहू हा दोषी आहे हे डचांच्या विलेम डिकेनं दाखवलं. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये महायुद्धामुळे अन्नाचा दुष्काळ पडला, पाव मिळेना, तो काळही त्याच्या निरीक्षणात होता, आणि 1950 मध्ये त्याचा प्रबंध आला. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की श्रेय भलत्यालाच जातं. वडिलांना फोनवर सांगितलं. जळगावचा माणूस, केळीचा बाग राखलेला, म्हणाले, “पण केळ्यानं नुकसान तर नाही ना झालं?”

30 जुलै

मुलाची चाचणी. टीटीजी-आयजीएबरोबर एकूण आयजीएही करून घेतलं, कारण ज्यांच्यात आयजीएच कमी असतं त्यांचा रिपोर्ट खोटा ‘ठीक’ येऊ शकतो. दोन्ही ठीक. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात हा रोग असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त, म्हणून काही वर्षांनी किंवा तक्रार दिसली तर पुन्हा. धाकट्या बहिणीला सांगून ठेवलंय; ती “बघू” म्हणाली.

9 ऑगस्ट

नागपंचमी. तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, उकडायचं. पुरणाची दिंडं कणकेची असतात. आईंनी तांदळाची उकड काढून तिच्यात पुरण भरलं. मोदकाच्या हातानं दिंड, इतकंच. नवऱ्याला फरक कळला, मुलाला नाही.

मी दोन खाल्ली. हरभऱ्याची डाळ बऱ्याच दिवसांनी पोटात गेली, वायू झाला, पण सकाळपर्यंत गेला. जुलैत असंच झालं असतं तर दोन दिवस कोकमावर काढले असते.

24 ऑगस्ट

जळगावला जाऊन आले. बरोबर सोलापूरची कडक भाकरी, शेंगांची चटणी, खडा हिंगाची डबी. कडक भाकरी महिनाभर टिकते, मोडून ताकात घातली की जेवण झालं. आईनं (माझ्या) कळण्याचं पीठ आधीच दळून ठेवलं होतं, गावच्या गिरणीतून. तिच्या तोंडाकडे बघवेना. पिठाला हात लावला नाही, भरीत-भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरचं जातं उतरवलं, धुतलं आणि मूठभर ज्वारी-उडीद स्वतः दळले. एकच भाकरी झाली. वडील म्हणाले, “आता हिच्यासाठी जातं टाकवून घ्या.” खरंच घेणार आहेत.

7 सप्टेंबर

गणपती. उकडीचे मोदक, काळजी नाही. दुसऱ्यांकडच्या आरतीला पेढा नको म्हणावं लागतं (खवा), शिरा नको (रवा), तळलेला मोदक नको. खोबरं-साखर आणि फळ घेते. प्रसाद नाकारला असं कुणाला वाटू नये म्हणून हातात घेऊन नवऱ्याकडे देते. तो जाडा होत चाललाय.

19 सप्टेंबर

कारखान्याच्या कँटीनमध्ये भात आणि वरण घेत होते. आज आचाऱ्याला विचारलं तेव्हा कळलं की वरणाला गव्हाचं पीठ असलेलाच हिंग. म्हणजे गेले कितीतरी दिवस. आणि गंमत अशी की पोटाला काहीच झालं नव्हतं. उलट मागच्या रविवारी घरी, शंभर टक्के खात्रीच्या जेवणानंतर, पोट दुखलं होतं.

यातून निघणारा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो: पोट हे मोजायचं यंत्र नाही. दुखलं म्हणजे ग्लुटेन गेलं असं नाही. दुखलं नाही म्हणजे गेलं नाही असंही नाही. तक्रार न होता आतल्या आत अस्तर झिजत राहू शकतं. म्हणून तपासायचं ते सामान, कृती आणि रक्त. उद्यापासून घरचा डबा.

6 ऑक्टोबर

दूध. चहात दोन चमच्यांपासून सुरुवात केली होती, मग अर्धा कप, प्रत्येक पायरीवर तीन-चार दिवस. आज पूर्ण कप रिकामा झाला आणि पोटात शांतता. राजमा, छोले, नाचणी, कच्चा कांदा आधीच परत आलेत. बद्धकोष्ठही गेलं. लोहाची गोळी बदलून घेतली आणि ज्वारी दोन भाकऱ्यांवर गेली, यातलं नेमकं कशानं ते सांगता येत नाही, दोन्ही एकाच आठवड्यात झालं.

27 ऑक्टोबर

फराळ. चिवडा, बेसनाचे लाडू, अनारसे, नारळाच्या वड्या मूळचेच बिनगव्हाचे. चकलीची भाजणी तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, मूग भाजून घरघंटीवर. विकतच्या भाजणीवर भरवसा नाही. शंकरपाळे आणि करंज्या मुलासाठी बाहेरून, वेगळ्या डब्यात, खालच्या फळीवर. जाऊबाई फराळाला आल्या, त्यांनी चकली मोडून बघितली आणि म्हणाल्या, “खुसखुशीत कशी?” चकलीत गहू कधीच नव्हता, जाऊबाई.

28 डिसेंबर

सहा महिन्यांनंतरची तपासणी. टीटीजी मर्यादेच्या दहापटीवरून तिपटीवर आलं. मर्यादेच्या आत यायला वर्ष-दीड वर्षही लागू शकतं. मोठ्या माणसांत अस्तर पूर्ण भरायला दोन वर्षं किंवा जास्तही लागतात, मुलांचं लवकर भरतं. हिमोग्लोबिन 11.8. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) 4 वरून 22. ड जीवनसत्त्व अजून कमी. वजन चार किलोनं वाढलं, सगळे जुने ब्लाउज घट्ट.

बाकी कामं: हाडांच्या घनतेची तपासणी, तारीख घेतलीय. घरघंटीची कापडी पिशवी नवी मागवायची. बहीण अजून “बघू”वरच आहे, तिला स्वतः घेऊन जायचं. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आहेच, पण गुळपोळी जमलेली नाही. तांदळाची पिठी आणि राजगिरा मिसळून पारी केली तर लाटताना फुटते आणि गूळ तव्यावर जळतो. आई म्हणतात उकड घट्ट काढून केळीच्या पानावर थापून बघू. 12 जानेवारीला रविवार आहे, तेव्हा.